डिकीचं माप

"डिझेल एस्टेट," बायको म्हणाली आणि तिनं चहाच्या कपात चमचा असा काही आपटला, की विषय संपला.

"पेट्रोल हॅचबॅक," मास्तर म्हणाले. पण ते बशीकडे बघून म्हणाले, त्यामुळे विषय खरोखरच संपल्यासारखा वाटला.

"मला वर चढावं लागणार नाही आणि खाली वाकावं लागणार नाही, अशी कुठलीही," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं.

हा संवाद त्या घरात गेले एकवीस दिवस रोज सकाळी होत होता. जुन्या गाडीनं भर चौकात अंग टाकलं होतं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, पुन्हा हळूच मिटलं आणि "आता हिला सोडा" एवढंच सांगितलं. नवी गाडी घ्यायची ठरली. घरगुती, पण इंजिन जोरदार, असं एक मॉडेलही ठरलं. घोडं अडलं ते पुढे. त्या मॉडेलला इंजिनं दोन होती, पेट्रोल आणि डिझेल. बॉड्याही दोनच, आखूड हॅचबॅक आणि मागे लांबलचक डिकीची एस्टेट. दोन दुणे चार गाड्या आणि घरात माणसं तीन, म्हणजे कुणाचंच कुणाशी जमेना.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, शिंपीकामातले. सूट शिवावा तर त्यांनीच. घराखालीच दुकान होतं आणि पंचवीस वर्षं ते तिथे दुसऱ्यांचे खांदे नीट बसवत होते. बायकोची पलीकडच्या रस्त्यावर ड्रायव्हिंग स्कूल होती. अर्ध्या शहराला क्लच सोडायला तिनं शिकवलेलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि "हळू, हळू, अजून हळू" म्हणायचं, हा तिचा दिवस. अशा बाईच्या नवऱ्यानं घरची गाडी कशी चालवावी? मास्तर चालवायचे कडेकडेनं, चाळिसानं, आणि तरीही शेजारी बसलेल्या बायकोचा उजवा पाय आपल्या बाजूला नसलेला ब्रेक शोधत असायचा.

पण मास्तरांच्या मनात एक लाल रंगाची गोष्ट होती. शोरूमच्या काचेआड उभी असलेली पेट्रोल हॅचबॅक. बुटकी, बसकी, मागे दोन नळकांडी, बघताक्षणीच पळेल अशी. पन्नाशीला चार महिने उरले होते. आपण शिवलेले सूट घालून लोक कुठून कुठे गेले आणि आपण आयुष्यभर गाडीच्या काट्यावर साठच्या आत राहिलो, हे त्यांना अलीकडे फार लागायचं. एकदा, फक्त एकदा त्या लाल गाडीत बसून सुसाट जावं आणि बायकोनं शेजारून "वा!" म्हणावं. बस्स, एवढंच हवं होतं. आणि शोरूममध्ये ती लाल गाडी एकच उरली होती. शनिवारपर्यंत ठरवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, असा निरोप आला होता.

शनिवार उजाडला. "वकीलसाहेबांच्या कोटाची ट्रायल आहे, त्यांच्या घरी जाऊन येतो," असं सांगून मास्तर बाहेर पडले. "माझ्याही आज पाठोपाठ तीन शिकवण्या आहेत," बायको म्हणाली. मास्तरांनी गल्लीचं वळण ओलांडलं आणि ते थेट शोरूमकडे सुटले.

त्यांचा बेत साधा होता. एस्टेट कशाला, तर तयार सूट आडवे, न चुरगळता नेता येतात, असं बायकोचं म्हणणं. तेव्हा एस्टेटच्या डिकीचा चक्क कागदी खाका बेतून घरी न्यायचा, फरशीवर पसरायचा आणि दाखवायचं की बाई गं, ही गाडी आपल्याला चार बोटं ढगळ होते.

शोरूममधला विक्रेता मध्यमवयीन, घामट आणि सज्जन होता. त्याच्या कोटाचा डावा खांदा उतरला होता. मास्तरांनी मोठ्या कष्टानं तिकडे दुर्लक्ष केलं.

"एस्टेटची डिकी पाचशे साठ लिटर, सर," तो बटण दाबून मागचं दार उघडत म्हणाला.

"लिटर? मी काय तिच्यात दूध आणणार आहे?"

"तसं नाही सर, पुस्तकात तसंच छापलेलं असतं."

"छापील मापावर आम्ही काजसुद्धा करत नाही. तुम्ही व्हा बाजूला. मी माझं माप घेतो."

तेवढ्यात विक्रेत्याला काउंटरवरून फोनसाठी हाक आली. "निवांत बघा सर, आलोच," म्हणत तो गेला. मास्तरांनी कोट काढला, गळ्यात टेप अडकवला, खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारली, खिशातून सहा टाचण्या काढून सवयीप्रमाणे ओठांत धरल्या आणि ते डिकीत चढले. कागद अंथरला. कडा दाबल्या. मग त्यांना वाटलं, सुटांवर ऊन पडून रंग उडू नये म्हणून वरचा पडदा ओढावाच लागणार. मग पडद्याखाली उंची किती उरते, तेही बघायला हवं. म्हणून ते आडवे झाले आणि पडदा त्यांनी डोक्यावरून ओढून घेतला.

नेमकी त्याच वेळी शोरूमची सफाई करणारी बाई फडकं घेऊन तिथून चालली होती. गाडीचं मागचं दार सताड उघडं. "ही माणसं दारं म्हणून लावायची नाहीत," असं पुटपुटत तिनं बटण दाबलं. दार गुरगुरत खाली आलं, खट्ट झालं आणि बाई गेली पुढची गाडी पुसायला.

मास्तर अंधारात. तोंडात सहा टाचण्या. आता एखादा असता तर ओरडला असता. पण शिंप्याला पहिली शिकवण ही, की तोंडात टाचण्या असताना श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. एकेक टाचणी काढावी आणि मग हाक मारावी, असं ठरवून त्यांनी हात वर नेला, तोच गाडीशेजारी आवाज आला.

"हीच. हीच चालवून बघायची मला."

मास्तरांचा हात तिथेच थिजला. बायको! आणि मागोमाग सासूबाईंचा आवाज, "अगं, दार रुंद आहे हो हिचं. गुडघा सहज जाईल."

"मॅडम, ही पेट्रोल एस्टेट आहे," विक्रेता सांगत होता. मघाचे सर कंटाळून निघून गेले, असंच त्याला वाटलं असावं. "तुम्हाला डिझेल बघायची असेल तर मंगळवारी येईल."

"डिझेलचं नाव काढू नका. ते घरी बोलायला आहे," बायको म्हणाली. "शिकवण्या सोडून आलेय मी. द्या किल्ली."

वकीलसाहेबांच्या घरी असलेल्या माणसानं अशा वेळी डिकीतून बाहेर येऊन काय सांगायचं असतं? बायको शोरूमभोवती एक चक्कर मारेल, उतरेल, जाईल, मग आपण निघू, असा विचार करून ते गप्प राहिले. आयुष्यातली ही त्यांची सगळ्यात महागडी शांतता ठरली.

गाडी सुरू झाली. रस्त्याला लागली. आणि बायकोनं पाय दाबला.

मास्तर कागदासकट डिकीच्या दारावर जाऊन चिकटले. एक हात अंगाखाली अडकला. दुसऱ्या हातानं त्यांनी कसाबसा कडेचा हूक पकडला. गळ्यातला टेप हाताला, हातातून हुकाला आणि हुकावरून पुन्हा गळ्याला असा गुंडाळला गेला. हूक सोडावा तर लोळण, लोळण घ्यावी तर टाचण्या. ओठ गच्च मिटून ते फक्त एवढंच म्हणू शकले, "म्म्म्म!"

"आवाज ऐकलात?" बायको हरखून म्हणाली. "कशी गुरगुरतेय!"

"स्पोर्ट मोड, मॅडम!" विक्रेत्याच्या आवाजात अभिमान होता. "मुद्दाम बसवलेला असतो तो आवाज. आतून येतो."

"डिझेलला येतो?"

"छे! हा खास पेट्रोलचा."

"परत काढते हं!" असं म्हणून बायकोनं गाडी हळू केली आणि पुन्हा एकदम पळवली. मास्तर पुढे जाऊन मागे आले. "म्म्म्म्म!" आवाज अगदी पहिल्यासारखाच निघाला, फक्त थोडा वरच्या पट्टीत.

"अगं बाई, काय गोड!" सासूबाई टाळ्या पिटत म्हणाल्या.

हमरस्ता आला. "मॅडम, इथे शंभरची पाटी आहे," विक्रेता घाईघाईनं म्हणाला.

"मग शंभरच जाणार. एकानं वर नाही, एकानं खाली नाही. वीस वर्षं हेच शिकवतेय."

"हो, पण शंभर जरा सावकाश गाठलं तरी चालतं मॅडम!"

ते सावकाश गाठलं गेलं नाही. विक्रेत्यानं दाराची मूठ पकडली आणि तो काहीतरी पुटपुटू लागला. मग वळणं आली. डावं वळण आलं की मास्तर उजवीकडे, उजवं आलं की डावीकडे. खाकी कागद फाटून त्यांच्या अंगाभोवती असा लपेटला गेला, की कपड्याचा नमुनाच बेतला जावा. आणि या सगळ्यात समोरून हसू ऐकू येत होतं. बायकोचं. खळखळून, पोटातून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं तसलं. मास्तर डोळे मिटून ते ऐकत राहिले. त्यांना बरं वाटलं आणि त्याच वेळी जिवाला चरचर लागली, की हे हसू इतकी वर्षं कुठे होतं?

"एवढी आवडते तर जावईबापूंना सांगत का नाहीस?" सासूबाईंनी विचारलं.

डिकीत मास्तरांनी कान टवकारले.

"काय सांगू आई? साठच्या वर काटा गेला की ह्यांचे ओठ पांढरे पडतात. ती लाल हॅचबॅक हवीय म्हणे! अगं, ते ती चालवणार नाहीत, पुसणार आहेत. रोज सकाळी, मऊ कापडानं. म्हणून मी डिझेल एस्टेट, डिझेल एस्टेट करतेय. जड गाडी आहे, धीमी वाटते, ह्यांना जरा धीर राहील. माझं काय, मी आज चालवली ना, झालं माझं."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं अपमानाचं आणि अर्धं दुसऱ्याच कशाचं. 'पुसणार आहेत!' त्यांनी एवढ्या जोरात निषेध नोंदवला, की सासूबाई म्हणाल्या, "आता तर नुसत्या बसल्याबसल्या गुरगुरतेय हो!"

परतीच्या वाटेवर विक्रेता म्हणाला, "मॅडम, पेट्रोल पंपावर घ्या. टाकी भरायची आहे आणि मला जरा स्थिर जमीन हवी आहे."

गाडी पंपावर थांबली. बायको आणि सासूबाई पाणी प्यायला पलीकडे गेल्या. विक्रेता सीटवर डोकं टेकून, डोळे मिटून पडला. मास्तरांना वाटलं, सुटलो. हळूच हाक मारावी, या भल्या माणसाला दार उघडायला लावावं आणि रिक्षा करून वकीलसाहेबांकडे जावं. टेपातून हात सोडवून त्यांनी टाचण्या काढायला घेतल्या. एक. दोन. तीन. चार.

"साहेब, पेट्रोल की डिझेल?" पंपावरच्या माणसानं विचारलं.

"डिझेल," विक्रेता डोळे न उघडता म्हणाला. त्याचा बिचाऱ्याचा जीव अजून तिसऱ्या वळणावर होता.

मास्तर ताडकन उठले आणि पडद्यावर डोकं आपटून पुन्हा आडवे झाले. एकवीस दिवस त्यांनी पेट्रोल आणि डिझेलचा अभ्यास केला होता. पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं तर काय होतं, हे त्यांना पाठ होतं. इंजिनाचं वाटोळं! आणि गाडी बायकोनं चालवत आणलेली. नाव कुणाचं येणार?

"नळी बसत नाहीये साहेब. जाड होतेय."

"बसेल. दाबा जरा."

आता गप्प राहावं तर अब्रू वाचते आणि ओरडावं तर गाडी वाचते. मास्तरांनी फार विचार केला नाही. दोन टाचण्या ओठांत असतानाच त्यांनी दारावर लाथा हाणायला सुरुवात केली आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडायला. शब्द कळत नव्हते, पण कळकळ कळत होती.

विक्रेत्यानं डोळे उघडले. इंजिन बंद. किल्ली बायकोकडे. आणि तोच गुरगुराट, तोच, खास पेट्रोलचा! तो किंचाळत दार उघडून बाहेर पडला आणि पंपाच्या खांबाला जाऊन बिलगला. पंपावरच्या माणसाच्या हातून नळी सुटली. रांगेतली माणसं धावली, बायको धावली, तिच्यामागून गुडघे विसरून सासूबाई धावल्या. कुणीतरी बटण दाबलं.

मागचं दार गुरगुरत वर गेलं. खाकी कागदात लपेटलेला, टेपानं बांधलेला, ओठांतून दोन टाचण्या बाहेर आलेला एक माणूस उन्हात डोळे मिचकावत बसला होता.

"बांधून ठेवलंय माणसाला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "पोलिसांना बोलवा!"

"थांबा, थांबा," बायको पुढे होत म्हणाली. तिनं एकदा कागद बघितला, एकदा टेप बघितला. "नवरा आहे माझा."

"म्हणजे तुम्हीच बांधलंत?"

मास्तरांनी शेवटच्या दोन टाचण्या काढल्या. "पेट्रोल," ते म्हणाले. "पेट्रोल भरा हो तिच्यात. डिझेल नव्हे." आणि मग थोडं थांबून, "हिनं नाही बांधलं. मी माप घेत होतो."

जमलेल्या माणसांपैकी कुणाचाही यावर विश्वास बसला नाही. सासूबाईंनी "घरचं प्रकरण आहे, चला, निघा आपापल्या वाटेनं," असा आवाज चढवला, तेव्हा कुठे गर्दी पांगली.

"वकीलसाहेबांची ट्रायल होती ना?" बायकोनं विचारलं.

"आणि तुझ्या तीन शिकवण्या?"

मग बायकोचा चेहरा एकदम उतरला. "तुम्ही सगळं ऐकलंत?"

"पुसणार आहेत, इथपर्यंत सगळं."

"अहो, मी आपलं बोलण्याच्या भरात..."

"मॅडम," खांबाजवळून विक्रेत्याचा क्षीण आवाज आला, "म्हणजे तो आवाज गाडीचा नव्हता?"

"किल्ली दे," मास्तर बायकोला म्हणाले. "परत मी चालवतो."

कागदाच्या चिंध्या झटकून मास्तर स्टिअरिंगवर बसले. ताठ बसले. आज दाखवतोच. त्यांनी गाडी रस्त्यावर काढली, पाय दाबला, गाडीनं अशी काही उसळी घेतली की मास्तरांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मग पुन्हा सुरू. तीस. चाळीस. पंचेचाळिसालाच त्यांच्या ओठांचा रंग गेला आणि काटा पुन्हा पंधरावर आला. एक सायकलवाला शेजारून पुढे निघून गेला आणि वर वळून त्यानं "काही मदत हवी का?" म्हणून विचारलं. बायको शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. ती मुद्दामच काही बोलत नव्हती आणि तेच मास्तरांना जास्त झोंबत होतं. मागे विक्रेता मात्र पहिल्यांदाच पाय पसरून बसला होता. "सर, फार छान चालवता तुम्ही," तो मनापासून म्हणाला.

शोरूममध्ये पोचल्यावर मास्तर सरळ काउंटरपाशी गेले. त्यांनी घसा खाकरला. "लिहा. पेट्रोल एस्टेट. हिच्यासाठी."

"अजिबात लिहू नका," बायको म्हणाली. "डिझेल एस्टेट लिहा. ह्यांना धीर वाटायला हवा."

"मला धीर नकोय. तू हसत होतीस. पेट्रोल लिहा."

"आणि तुमचे ओठ? डिझेल लिहा. नाहीतर असं करा, ती लाल हॅचबॅकच लिहा. ह्यांना आवडलीय ना, पुसू देत. मी पुन्हा म्हणून बोलणार नाही."

"मला नको ती! तुझी आईसुद्धा मावणार नाही तिच्यात."

विक्रेत्यानं पेट्रोल लिहून खोडलं, डिझेल लिहून खोडलं, एस्टेट खोडून हॅचबॅक केलं आणि मग तिसरा फॉर्म घेतला. एकवीस दिवस दोघं आपापल्या गाडीसाठी भांडत होते, ते परवडलं. आता दोघं एकमेकांच्या गाडीसाठी भांडू लागले होते आणि यात कुणी हटायचं नावच घेईना. आवाज चढले. सफाईची बाई फडकं थांबवून बघत उभी राहिली.

"झालं तुमचं?" मागून आवाज आला.

सासूबाई लाल हॅचबॅकच्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. कशा बसल्या, कधी बसल्या, कुणी बघितलं नव्हतं. एक पाय आत होता आणि दुसरा त्या दोन्ही हातांनी उचलून आत घेत होत्या.

"आई, अगं गुडघे!"

"दुखताहेत. घरी खुर्चीत बसूनही दुखतातच." त्यांनी दुसरा पाय आत घेतला. "इकडे या हो, लिहिणारे. ही गाडी माझ्या नावावर लिहा. मी टेलिफोन ऑफिसात बत्तीस वर्षं नोकरी केलीय, माझं मी बघेन."

"मावशी," विक्रेता चाचरत म्हणाला, "लायसन्स आहे तुमच्याकडे?"

"मला चालवायची कुठेय? मला बसायचंय."

"आई, काहीतरीच काय!" बायको म्हणाली.

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं, मग जावयाकडे. आवाज त्यांचा नेहमीसारखाच होता, पण डोळे जरा ओले झाले होते. "तुझे बाबा फार चांगले होते. देवमाणूस. पण त्यांनी जन्मभर गाडी तिसानं चालवली. मला जोरात जावंसं वाटायचं, पण म्हटलं, कशाला त्यांचा जीव टांगणीला लावा. आणि त्यांना वाटायचं, मलाच भीती वाटते, म्हणून ते अजून हळू चालवायचे. हे मला कळलं कधी, तर शेवटच्या आजारपणात. चाळीस वर्षं मी शेजारी बसून रस्त्याकडेची झाडं मोजली, बाई. आता तुम्ही दोघं एकमेकांसाठी मन मारत खुशाल डिझेल घ्या. मी कुणासाठी मारू?"

बायकोनं नाक ओढलं. मग तिनं विक्रेत्याच्या हातातून पेन घेतलं आणि फॉर्मवर स्वतःच लिहिलं, पेट्रोल एस्टेट. मास्तर तिच्याकडे बघून हसले, ती त्यांच्याकडे बघून हसली. डिझेलचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

"पण आई," मास्तर म्हणाले, "ही लाल गाडी चालवणार कोण?"

"म्हणजे काय? तुम्ही! तुम्हालाच हवी होती ना?"

आठ दिवसांनी लाल गाडी दारात आली. मास्तरांनी ती खरंच मऊ कापडानं पुसली, कारण चालवायची वेळ जवळ आली होती आणि हातांना काहीतरी काम हवं होतं. सासूबाई काळा चष्मा लावून पुढे बसल्या, गुडघ्यांखाली उशी. बायको मागे. "मी आज इथे मास्तरीण नाही," तिनं जाहीर केलं. "मी हूं की चूं करणार नाही."

हमरस्ता लागला. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. चाळीस झाले. पन्नास झाले. काटा साठवर येऊन उभा राहिला आणि मास्तरांच्या पायानं तिथेच बैठक मारली.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "सत्तावीस," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस. एकोणतीस."

"काय मोजताय, आई?"

"झाडं," सासूबाई म्हणाल्या. "अजून मोजता येताहेत, जावईबापू."

मास्तरांनी आरशात बघितलं. मागे बायको ओठ घट्ट मिटून बसली होती. ती काहीही बोलणार नव्हती, कबूल केल्याप्रमाणे. मास्तरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि पाय दाबला. सत्तर. पंचाहत्तर. त्यांचे ओठ कागदासारखे पांढरे झाले. ऐंशी. गाडी गात होती. पंच्याऐंशी. "बत्तीस, तेहेतीस, चौती... पस्ती... अगं... अगं बाई..."

"आई, काय झालं? हळू करू का?"

"खबरदार!" सासूबाईंनी डॅशबोर्डवर थाप मारली. चष्मा कपाळावर गेला होता, पांढरे केस सुटले होते. "चुकलं! मोजणं चुकलं!"

मागच्या सीटवरून बायकोनं पुढे वाकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दिलेला शब्द मोडून ती म्हणाली, "वा!"